स्वतःची ओळख : पाच म्हणींचा अभ्यास

मनुष्यास दुसऱ्याचे वर्णन करावयास सांगितले, तर त्याची वाणी अस्खलित चालते. शेजारी चिक्कू आहेत की उधळे, व्याही मानी आहेत की मनमोकळे, अमक्यांचा मुलगा घुमा आहे की बोलका, हे सर्व आपणांस तोंडपाठ असते. परंतु "तुम्ही स्वतः कसे आहात?" असा प्रश्न कोणी केला, की हीच वाणी अडखळू लागते. ज्या माणसाच्या संगतीत आपण जन्मापासून आहोत, त्याच्याविषयी चार वाक्ये धड सांगता येऊ नयेत, ही नवलाची गोष्ट खरी. पण ती सर्वांच्याच अनुभवाची आहे.

हल्लीच्या दिवसांत हा प्रश्न टाळूनही टळत नाही. नोकरीच्या मुलाखतीस गेलेल्या तरुणास बहुधा पहिलाच प्रश्न "स्वतःविषयी काही सांगा" असा असतो. वधूवरांच्या परिचयपत्रकात शिक्षण, उंची, गोत्र हे रकाने संपले, की "स्वभाव" असा एक रकाना येतो. त्यात बहुतेक उमेदवार एकच उत्तर लिहितात : मनमिळाऊ, कष्टाळू, प्रामाणिक, सर्वांना सांभाळून घेणारा. अशी शंभर पत्रके एकापुढे एक ठेवली, तर शंभर माणसे एकाच साच्यातून काढली असावीत असे वाटेल. त्यात कोणी खोटे लिहिले आहे असे नव्हे. पण त्या शब्दांवरून दारात उभा राहिलेला माणूस ओळखू येत नाही, आणि ज्या घराने त्या रकान्यावर विसंबून सोयरीक करावयाची, त्या घराच्या हाती काहीच लागत नाही.

ह्या अडचणीवर एक घरगुती उपाय आपल्या भाषेतच आहे, आणि तो म्हणजे आपल्या म्हणी. पाच म्हणी घेऊन त्यांच्या साहाय्याने स्वतःचा स्वभाव व जगाकडे पाहण्याची दृष्टी कशी मांडावी, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

१. म्हण आणि विशेषण

"मी सावध आहे" हे वाक्य ऐकून डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. "मी दूध पोळल्यावर ताक फुंकून पिणारा आहे" असे म्हटले, की एक माणूस दिसतो, त्याच्या हातातील वाटी दिसते, आणि त्याला पूर्वी कधी तरी चांगला चटका बसला आहे हेही कळते. विशेषण केवळ गुण सांगते. म्हण त्या गुणाचा इतिहासही सांगून जाते.

म्हण व वाक्प्रचार ह्यांतील भेद येथेच ध्यानात घ्यावा. "दोन डगरींवर हात ठेवणे" हा वाक्प्रचार होय; त्याला कर्ता मिळाल्यावाचून त्याचे वाक्य होत नाही. "काखेत कळसा आणि गावाला वळसा" ही म्हण होय. ती आपल्या पायांवर उभी आहे. पण म्हणीतले शब्द मात्र समजून घेतले पाहिजेत. ह्या म्हणीतील कळसा म्हणजे देवळाचा कळस नव्हे, तर पाणी आणण्याची लहान घागर. आता घरोघरी नळ आहेत व घागरी माळ्यावर गेल्या आहेत. त्यामुळे देवळाचा कळस काखेत कसा मावेल, असा प्रश्न लहान मुलांस पडला तर त्यांचा दोष नाही. तीच गोष्ट सुंभाची. सुंभ म्हणजे काथ्याची दोरी. ती जळून तिची राख झाली तरी राखेत दोरीचे वळ तसेच दिसतात. म्हणून हट्टी माणसाविषयी "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही" असे म्हणतात. जळलेली दोरी एकदा पाहिलेल्या मुलास ही म्हण पुन्हा शिकवावी लागत नाही.

ह्या धनाची मोजदाद विद्वानांनी फार पूर्वीच आरंभिली. मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली प्रसिद्ध झाली. त्यात शब्दांच्या अर्थाबरोबर ठिकठिकाणी म्हणीही दिलेल्या आढळतात. पुढे १८९९ साली मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह एक स्वतंत्र संग्रह ऑक्सफर्ड येथून छापविला. आपल्याकडे य. रा. दाते व चिं. ग. कर्वे ह्या कोशकारांनी 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' दोन विभागांत सिद्ध केला. ते विभाग १९४२ व १९४७ साली प्रसिद्ध झाले. असे कोश घरी असले तर उत्तमच. परंतु आमच्या पाठास कोशाची गरज नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी जेवढ्या म्हणी आहेत, तेवढ्या पुरेशा आहेत.

२. म्हणी जोडीने येतात

म्हणींचा अभ्यास करू लागणाऱ्यास एक गोष्ट लवकरच खटकते. एक म्हण जे सांगते, त्याच्या नेमके उलट दुसरी सांगते. "प्रयत्नांती परमेश्वर" असे एक सांगते, तर "दैव देते आणि कर्म नेते" असे दुसरी. "शितावरून भाताची परीक्षा" असे आपण म्हणतो, आणि लगेच "दिसते तसे नसते, म्हणून जग फसते" असेही बजावतो. "गाव करी ते राव न करी" असे म्हणून चार माणसे एकत्र आणावीत, तो कोणी तरी मागून "बारभाईंची शेती, काय लागेल हाती" असे पुटपुटतो.

ह्यावरून काही लोक असा निष्कर्ष काढतात, की म्हणींना काही अर्थ नाही, हवे ते सिद्ध करण्यास हवी ती म्हण मिळते. आमच्या मते हा निष्कर्ष घाईचा आहे. म्हण हा शास्त्रातील सिद्धांत नव्हे. तो वैद्याच्या बटव्यातील मात्रेसारखा प्रकार आहे. ज्वरावरची मात्रा आणि हुडहुडीवरची मात्रा एकाच बटव्यात असतात, म्हणून कोणी वैद्याला खोटा म्हणत नाही. उतावळ्यास एक म्हण लागते, आळशास दुसरी.

स्वतःची ओळख करून घेण्यास ह्या जोड्याच उपयोगी पडतात. दोन विरुद्ध म्हणी पुढे ठेवाव्या, आणि आपले मन सहजपणे कोणत्या म्हणीकडे वळते ते पाहावे. जी म्हण आपणांस शहाणपणाची वाटते ती आपला स्वभाव सांगते; आणि जी ऐकताच अंगाला झोंबते ती बहुधा त्याहून अधिक सांगते.

३. आपल्या शेजारच्या भाषेची साक्ष

आम्ही बडोद्यात, म्हणजे आजच्या वडोदऱ्यात, लहानाचे मोठे झालो. गायकवाडांच्या राज्यापासून येथे मराठी कुटुंबे नांदत आहेत, आणि घरात मराठी व अंगणाबाहेर गुजराती हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. म्हणून आपणांस दोन बटवे लाभले आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा मात्रा सारख्याच आहेत. आपण "दुरून डोंगर साजरे" म्हणतो, गुजराती शेजारी "डुंगरा दूरथी रळियामणा" म्हणतात. आपले "थेंबे थेंबे तळे साचे", तर त्यांचे "टीपे टीपे सरोवर भराय". उथळ पाण्याचा खळखळाट आपण ऐकतो. ते म्हणतात, "अधूरो घडो छलकाय घणो", म्हणजे अपुरा भरलेला घडाच फार हिंदकळतो.

विरुद्ध म्हणींची जोडीही त्या भाषेत आहे, आणि ती बोलण्याविषयीची आहे. "बोले तेनां बोर वेचाय", म्हणजे जो बोलतो त्याची बोरे विकली जातात, ही बाजारातली म्हण. "न बोलवामां नव गुण", म्हणजे न बोलण्यात नऊ गुण आहेत, ही तिची उलट बाजू. एकाच पेढीवर बसलेले दोन भाऊ ह्या दोन म्हणींवर चालतात, आणि ती पेढी त्या दोघांमुळे चालते, हे आपण पाहतोच.

परंतु आमच्या विषयास सर्वांत जवळची गुजराती म्हण निराळी आहे : "पारकी मा ज कान वींधे". मुलाचे कान टोचावयाचे ते परक्या आईनेच. सख्ख्या आईचा हात चालत नाही. ह्याच अनुभवावर आपली मराठी म्हण उभी आहे : "सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत". दोन्ही भाषांनी कान टोचण्याचेच उदाहरण घ्यावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतःचे कान स्वतःस टोचता येत नाहीत. आपल्याला जे ऐकवले पाहिजे, ते दुसऱ्या कोणाच्या हातून यावे लागते. ह्या दोन म्हणींवर पुढील पद्धतीचा शेवटचा, म्हणजे सर्वांत महत्त्वाचा, भाग आधारलेला आहे.

४. पद्धती

कागदावर पाच ओळी आखाव्या. पहिल्या चार ओळींत पुढील चार प्रश्नांना अनुसरून स्वतःच एकेक म्हण निवडून लिहावी.

पहिला प्रश्न, बोलण्याविषयी. "झाकली मूठ सव्वा लाखाची" की "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही"? की, प्रामाणिकपणे पाहता, "उचलली जीभ लावली टाळ्याला"?

दुसरा प्रश्न, पैशाविषयी. "अंथरूण पाहून पाय पसरावे" की "ऋण काढून सण"? आणि काटकसर फार आवडत असेल, तर ती "थेंबे थेंबे तळे साचे" ह्या जातीची आहे की "चमडी जाईल पण दमडी जाणार नाही" ह्या जातीची, हेही पाहावे. बाहेरून ह्या दोन्ही सारख्याच दिसतात.

तिसरा प्रश्न, कामाविषयी. "तहान लागल्यावर विहीर खणणे" ही एका टोकाची रीत, आणि "बाजारात तुरी, भट भटणीला मारी" ही दुसऱ्या टोकाची. पहिल्या प्रकारच्या माणसाला वेळ आल्याशिवाय जाग येत नाही. दुसरा, तूर अजून बाजारात असतानाच, तिचे वरण पातळ करावे की घट्ट ह्यावरून घरात भांडण करतो. तिसरा एक प्रकार "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" ह्या म्हणीत आहे : अधिक भाड्याच्या आशेने घासाघीस करता करता ज्याच्या बैलाला दिवसभर कामच मिळत नाही, तो.

चौथा प्रश्न, जगाकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी. "आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन" ही आशावंताची म्हण. "दुष्काळात तेरावा महिना" ही संकटाला संकट जोडून पाहणाराची म्हण. तेरावा महिना म्हणजे अधिक मास, जो सुमारे बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो. आधीच धान्य पुरत नाही अशा वर्षी एक महिना आणखी वाढला, हा त्यातला अर्थ. "चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे" ही काळ पालटतो असे मानणाराची म्हण. आणि "पळसाला पाने तीनच" ही, कोठेही गेले तरी जग सारखेच, असे मानणाराची. पळसाच्या प्रत्येक देठाला तीन दले असतात. झाड कोकणातले असो की गुजरातेतले, त्यात फरक पडत नाही.

पाचवी ओळ कोरी ठेवावी. ती स्वतः भरू नये. आपल्यावर प्रेम करणाऱ्या, पण आपली भीड न बाळगणाऱ्या एखाद्या माणसाच्या हाती तो कागद द्यावा, व पाचवी म्हण त्याला लिहू द्यावी. पहिल्या चार ओळी त्याने वाचल्या तरी चालतील. मात्र पाचवी म्हण लिहिल्यावर तिचे एक उदाहरण त्याने दिले पाहिजे, अशी अट घालावी. उदाहरणावाचून दिलेली म्हण हा टोमणा होय. उदाहरणासह दिलेली म्हण हा आरसा होय.

५. एक नमुना

पद्धती सांगणाराने ती स्वतःवर चालवून दाखविली पाहिजे, म्हणून आमचाच कागद येथे उघडतो.

बोलण्याविषयी आम्ही "झाकली मूठ सव्वा लाखाची" ही म्हण निवडली. आमचा मितभाषीपणा घरात व बाहेर प्रसिद्ध आहे, आणि तो गुण आहे असेच आम्ही धरून चाललो होतो.

पैशाविषयी "अंथरूण पाहून पाय पसरावे". आमचे घर पौरोहित्यावर चालते. श्रावणात व भाद्रपदात वडिलांना दोन घास स्वस्थपणे खाण्यास वेळ नसतो. पौषात लग्नकार्ये नसतात, आणि तेव्हा त्यांना पंचांग चाळण्याखेरीज फारसे काम उरत नाही. आमचे अंथरूण असे काही महिने लांब व काही महिने आखूड असते. अशा घरात वाढलेल्यास पाय आखडून निजण्याची सवय आपोआप लागते.

कामाविषयी आम्ही, नावाला जागून, बाजारातल्या तुरीची म्हण घेतली. गणेशचतुर्थीच्या साहित्याची यादी आम्ही आठ दिवस आधी करतो. आणि त्या दिवशी दूर्वा मिळाल्या नाहीत तर काय करावे, ह्याची काळजीही आठ दिवस आधीच करतो. दूर्वा आजवर मिळाल्या नाहीत असे एकदाही झालेले नाही.

जगाकडे पाहण्याच्या दृष्टीविषयी "पळसाला पाने तीनच". आमचे काही सोबती पुण्यास गेले, काही परदेशी गेले. त्यांचे फोन येतात तेव्हा घरभाडे, वरिष्ठांची मर्जी आणि आईच्या हातचे जेवण, ह्या तीन पानांभोवतीच बोलणे फिरते. म्हणून ही म्हण आम्हांस पटते. तथापि ही म्हण जो कोठेच गेला नाही त्याला फार सोयीची आहे, अशी शंकाही तिच्यापुढे लिहून ठेवणे आम्हांस उचित वाटले.

पाचव्या ओळीसाठी कागद थोरल्या ताईकडे दिला. ती विवाहित असून दिवाळीसाठी माहेरी आली होती. तिने कागद वाचला, क्षणभरही विचार न करता लिहिले, आणि पोळ्या लाटावयास निघून गेली. तिने लिहिले होते : "ताकाला जाऊन भांडे लपविणे".

ह्या म्हणीचा अर्थ नव्या वाचकांसाठी सांगतो. पूर्वी ज्यांच्या घरी दुभते असे, त्यांच्याकडे शेजारीपाजारी ताक मागावयास जात. ताक मागण्यात कमीपणा नव्हता. तरीही एखादी संकोची व्यक्ती भांडे पदराखाली लपवून जाई, ओसरीवर बसून पावसापाण्याच्या गोष्टी करी, आणि कधी कधी ताक न मागताच परत येई.

अटीप्रमाणे ताईने उदाहरण दिले. वडिलांना बरे नसले म्हणजे एखाद्या घरी सत्यनारायणाची पूजा सांगावयास आम्ही जातो. पूजा झाल्यावर यजमान विचारतात, "गुरुजी, दक्षिणा किती द्यायची?" आम्ही म्हणतो, "आपल्या इच्छेस येईल ती." मग घरी येईपर्यंत वाटेत आमचे तोंड उतरलेले असते. ज्या दुकानात आम्ही दिवसा हिशेब लिहितो, तेथेही पगारवाढीचा विषय काढावयाचा म्हणून आम्ही मालकांपुढे उभे राहतो, आणि यंदा पाऊस बरा झाला असे म्हणून परत जागेवर येऊन बसतो. ताई म्हणाली, "तुला मौन आवडते असे तू वर लिहिले आहेस. तुला मौन आवडत नाही, तुला मागवत नाही. तुझी मूठ झाकलेली आहे, कारण तुला हात पसरायची लाज वाटते."

ह्या वाक्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. ही लाज आली कोठून? वडील कोणापुढे कधी लाचार झाले नाहीत. पण ज्या कामाचा मोबदला घ्यावयाचा तो नीट बोलून घेण्यात त्यांना संकोचही वाटला नाही. तेव्हा हे घरातून आलेले नव्हे. शोध घेता घेता आम्ही एका म्हणीपाशीच येऊन पोहोचलो. "भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी" ही म्हण आम्ही लहानपणी कितीदा ऐकली ह्याची गणती नाही. खेळताना कोणाच्या ओट्यावर जरा अधिक वेळ बसलो, की सोबत्यांपैकी कोणी तरी ती हसत हसत म्हणे. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, आणि आम्हीही हसत असू. पण जे मूल ही म्हण शंभरदा ऐकते, ते ओसरीच्या कडेला, पाय पोटाशी घेऊन बसावयास शिकते. पुढे ते मोठे होते, आणि त्याच्या कष्टाचे पैसे मागण्याची वेळ आली तरी त्याला वाटत राहते, की आपण पाय पसरीत आहोत.

एका म्हणीने लावलेली सवय दुसऱ्या म्हणीने दाखवून दिली, असे हे झाले. आता यजमानांनी विचारले, तर आम्ही आकडा सांगतो. सांगताना घसा अजून कोरडा पडतो. पण यजमानांना त्याचे काहीच वाटत नाही, असे दिसून आले आहे. उलट पाकिटात किती घालावे हा त्यांचाही संकोच त्यामुळे सुटतो.

६. दोन सावधगिरीच्या सूचना

ह्या नमुन्यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आलेच असेल, की म्हण हे धारदार हत्यार आहे. म्हणून दोन सूचना करणे अवश्य वाटते.

पहिली सूचना मुलांविषयी. "पालथ्या घड्यावर पाणी", "खाण तशी माती", "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही" ह्या म्हणी आपण मुलांच्या देखत, किंबहुना त्यांच्या तोंडावर, सहज वापरतो. मोठा माणूस म्हण ऐकून ती झटकून टाकू शकतो. मूल ती आपले नाव समजते. ज्या मुलास गणित येत नाही, त्यास पुन्हा एकदा गणित समजावून द्यावे. त्याला पालथा घडा म्हणू नये. घडा पालथा आहे असे एकदा ठरले, म्हणजे त्यात पाणी ओतणारा आपला हातही थांबतो, हा त्यातला खरा धोका होय.

दुसरी सूचना जन्माविषयी व शरीराविषयी. आपल्या जुन्या म्हणींत शहाणपण आहे तसा त्या त्या काळचा कठोरपणाही आहे. स्त्रियांविषयी, विधवांविषयी, निरनिराळ्या जातींविषयी, अंधपंगूंविषयी कित्येक म्हणींत असे शब्द आहेत, की ते ज्याला लागतात त्यालाच कळावे; "ज्याचे जळते त्यालाच कळते" ही म्हणही आपलीच आहे. ह्याविषयी आमचा नियम सोपा आहे. ज्या म्हणीत कोणाच्या जन्माची किंवा व्यंगाची थट्टा आहे, ती दुसऱ्यावर कधीही वापरू नये. ती ज्याच्यावर बेतली आहे त्यानेच, त्यास वाटले तर, स्वतःविषयी वापरावी. भटाच्या ओसरीची म्हण आम्ही वर लिहिली ती ह्याच अधिकाराने.

७. घरचा अभ्यास

सभासद कुटुंबांनी हा पाठ वाचून बाजूस ठेवू नये, तर एखाद्या रविवारी संध्याकाळी घरात करून पाहावा. त्यासाठी पुढील क्रम सुचवितो.

पहिल्याने आजी-आजोबांनी त्यांस आठवतील तेवढ्या म्हणी सांगाव्या, व घरातील एका मुलाने त्या लिहून घ्याव्या. जे शब्द मुलांना अपरिचित असतील, जसे ओसरी, सुंभ, कळसा, बाशिंग, त्यांचे अर्थ तेथेच सांगावे. वस्तू घरात असेल तर काढून दाखवावी. ज्या म्हणीची जोड गुजरातीत आहे, तिच्यासमोर ती जोडही लिहावी. ह्या कामी मुलेच वडिलांना शिकवतील असा आमचा अंदाज आहे, कारण शाळेमुळे ती भाषा त्यांच्या अधिक परिचयाची असते.

नंतर प्रत्येकाने आपला कागद घेऊन चार म्हणी लिहाव्या. गप्पा मारू नयेत, एकमेकांचे पाहू नये. चार म्हणींत निदान एक तरी अशी असावी, की जी लिहिताना हात थोडा अडखळला. चारही म्हणी जर आपली स्तुतीच करीत असतील, तर परिचयपत्रकातले "मनमिळाऊ, कष्टाळू" आपण दुसऱ्या शब्दांत लिहिले, इतकेच झाले.

शेवटी पाचव्या ओळीसाठी कागदांची अदलाबदल करावी. येथे वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट पाळावी, अशी आमची विनंती आहे. त्यांचा कागद सुनेकडे किंवा नातवाकडे गेला, तर ते जे लिहितील ते वाचून रागावू नये. घरात सर्वांत कमी बोलावयास मिळणाऱ्या माणसाने लिहिलेली म्हण बहुधा सर्वांत नेमकी असते. आणि लिहिणारानेही उदाहरण द्यावे ते अलीकडचे व लहानसे द्यावे. जुन्या भांडणाचे उत्तर म्हणून ही ओळ वापरू नये.

कागद नंतर ज्याचा त्याने आपल्याजवळ ठेवावा. वर्षभराने, पुढच्या दिवाळीस, तो पुन्हा काढून वाचावा. पहिल्या चार म्हणींपैकी एखादी बदलाविशी वाटली तर बदलावी. पाचवी ओळ मात्र स्वतः खोडू नये. ज्याने ती लिहिली त्याच्याकडे कागद घेऊन जावे, आणि ती अजून लागू पडते का, ते त्यालाच विचारावे. आमचा कागद आम्ही पंचांगात घालून ठेवला आहे. ताई पुढच्या दिवाळीस येईल तेव्हा तो तिच्यापुढे ठेवू.